पडद्याआई

छत्तीस साली हिंगोलीच्या स्टेशनरोडवर शंकरसिंग नायकाने सिनेमाचं थेटर बांधायला काढलं, तेव्हा गावातल्या शहाण्यांनी त्याला वेड्यात काढलं. तांड्यावरचा माणूस. आज्याने बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं. रेल्वे आली, बैल घरी बसले, म्हणून नातवाने रस्त्याच्या खडीचे ठेके धरले. त्यात बरकत आली. आता अशा माणसाने शेत घ्यावं, विहीर पाडावी, पोरींची लग्नं थाटात करावीत. याने काय करावं? हैदराबादेहून रंगारी आणला आणि छतावर निळं आभाळ काढवून घेतलं. आभाळात चांद, चांदण्या आणि पोपट. चांदण्यांत पोपट उडत नसतात हे रंगाऱ्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी नायकाने ऐकलं नसतं, कारण पोपट त्याला आवडायचे. सागवानी खांब, माडीला कोरीव कठडा, दारावर उर्दूत आणि नागरीत नाव ‘दिलकुशा’. बाळापूर-गोरेगावकडची माणसं बाजाराला आली की खेळ नसला तरी आत डोकावून, मान वर करून छत बघून जायची.

चतुराबाई त्या थेटरातली पडदेवाली. उजव्या हाताला उंच चौथऱ्यावर बायकांचा जनाना होता आणि त्याच्यापुढे कड्यांवर सरकणारा जाड पडदा. दिवे गेले की पडदा बाजूला सारायचा, दिवे यायच्या आत पुन्हा ओढायचा; म्हणजे बायकांना खेळ दिसावा आणि पुरुषांना बायका दिसू नयेत. काम एवढंच. पण पडदा एकदा जरी उशिरा ओढला गेला, तर गावातल्या निम्म्या सासवा सुनांना पुन्हा थेटरात पाठवणार नाहीत, हे तिला बराबर ठाऊक होतं. तिचा नवरा संतराम कापसाच्या जिनात कामाला होता, तो पटकीने गेला. मूलबाळ नाही. सासरच्यांनी गोरेगावला माहेरी धाडलं, भावजयीने तिथून वाटेला लावलं. नायकाने जनान्यामागची खोली दिली. चतुराबाईचं तोंड फाटकं होतं, आणि नायकाने तिला ठेवलं ते त्या तोंडासाठीच. “जनान्याला दार कशाला? चतुरा पुरे हाय,” असं तो म्हणायचा.

तो पडदा नायकाच्या तांड्यावरच्या बायकांनी शिवला होता, त्यांच्या रिवाजाने, कवड्या आणि आरसे लावून. पहिल्याच खेळाला मशीनचा उजेड त्या आरशांवर पडला आणि सगळ्या थेटरात कवडसे नाचायला लागले. समोरच्या पांढऱ्या पडद्यावर राणी विष पिऊन मरत होती आणि तिच्या नाकावर कवडसे. पुरुष ओरडले, शिट्ट्या झाल्या, बायका पोट धरधरून हसल्या. दुसऱ्या दिवशी नायकाने पडदा उलटा टांगला, आरशांची बाजू आत. तेव्हापासून मधल्या सुट्टीत बायका त्या इवल्या आरशांत आपली कुंकवं सारखी करायच्या.

पण त्या आत यायच्या त्या काही कुंकू सारखं करायला नव्हे. आपलं लेकरू गेलं तर घरी रडायची चोरी. इथे अंधारात परक्या राणीच्या लेकरासाठी पोटभर रडता यायचं. आडत्याची सून अनुसयाबाई वर्षातून एकदा यायची, नणंदेच्या पहाऱ्यात, आणि पहिल्या गाण्यापासून जी रडायला लागायची ती खेळ सुटेपर्यंत. चतुराबाई तिला दटावायची, “बाई, आतापासून काहून रडून राहिलीस? अजून तर समदे खुशीत हायेत!” पण दटावताना तिचा हात अनुसयाबाईच्या पाठीवर असायचा. पडद्याआडच्या त्या गर्दीत चतुराबाईला घर सापडलं होतं, हे सरळच सांगितलेलं बरं.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात नायक गेला. त्यानंतर दिवसच फिरले. निजामाच्या मुलखात धाकधूक सुरू झाली, दिवेलागणीला दारं लागायला लागली. बाहेरून रिळं येईनात, इंजिनाला तेल मिळेना. खेळ बंद पडले. नायकाचा पुतण्या किसनसिंग मशीन चालवायचा. एक दिवस त्याने ते मशीन खोलून, गोधड्यांत गुंडाळून छकड्यात घातलं. हद्द ओलांडून तो वऱ्हाडात, वाशिमला निघाला होता.

“मावशी, हितं ठेवलं तर कोणी बी उचलून नेईन,” तो म्हणाला. “मी मशीन राखतो. तू थेटर राख. राज्य शांत झालं की येतोच.”

“म्या बाईमानूस काय राखू?”

“तुह्या तोंडापुढं कोण टिकतं?”

ती हसली. पण शब्द दिला तो दिलाच. रोज सकाळी ती अख्खं थेटर झाडायची, खुर्च्यांवरची धूळ फडक्याने पुसायची, आणि पडदा एकदा सारून पुन्हा ओढून ठेवायची, कड्या गंजू नयेत म्हणून.

नायकाचा मुलगा वसराम वाईट नव्हता. पण त्याच्या लेखी थेटर म्हणजे बापाचा खुळेपणा. लहानपणापासून त्याने बापापेक्षा थेटरच जास्त पाहिलं होतं आणि म्हणूनच आत बसून एक खेळ कधी पाहिला नाही. लढाईपासून पत्र्याला सोन्याचा भाव, सागवान तर दिसेनासं झालेलं. अठ्ठेचाळीसच्या आखाडात त्याने एका जिनवाल्याशी पत्रे नि सागवान विकायची बोलणी केली आणि चतुराबाईला येऊन सांगितलं, “मंगळवारी सुतार येतील. आधी छत उतरवायचं हाय. तुमी तांड्यावर चला, खोपटं देतो.”

“अन् किसन आल्यावर?”

“किसन कशाला येतो आता? अन् आला तरी राज कोनाचं असंल, कोनाला ठाऊक?”

“तुह्या बापानं जीव लावला होता याच्यावर.”

“व्हय,” वसराम म्हणाला. “याच्यावरच लावला.”

चतुराबाईने त्याचे पाय धरले, शिव्या दिल्या, पुन्हा पाय धरले. तो मान खाली घालून निघून गेला. त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही. राग तर इतका आला होता की हाताला काही तरी फोडायला हवं होतं. धुणं घेऊन ती कयाधू नदीवर गेली आणि एका काळ्या दगडावर लुगडं आपटत बसली. आपटता आपटता हात थांबला. गोरेगावच्या शिवेवरचा एक चिंचेचा वाकडा खुंट तिला आठवला. सगळ्या रस्त्यात आडवा. पण त्याच्या बुडाला कुणी तरी शेंदूर फासला होता, म्हणून पाटलाचीसुद्धा छाती झाली नाही तोडायची. गाड्या वळसा घालून जात.

तिने तो दगड ओल्या लुगड्यात गुंडाळून डोक्यावर घेतला.

मंगळवारी सोनाजी सुतार करवत घेऊन आला, मागे त्याची माणसं, त्यांच्यामागे वसराम. जनान्यात, पडद्याच्या बुडाशी, शेंदूर माखलेला दगड. पुढे निंबाचा डहाळा, लिंबू. आणि शेजारी केस मोकळे सोडून चतुराबाई घुमत होती. घुमणाऱ्या बाया तिने लहानपणापासून पाहिल्या होत्या. पण घुमताना बोलायचं काय, याचा विचार करायचा राहूनच गेला. सगळे समोर येऊन उभे राहिले आणि हिच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी इतकी वर्षं अंधारात कानावर पडलेलं जे होतं तेच बाहेर आलं.

“खबरदार!” चतुराबाई गरजली. “इस महल की एक ईंट भी हिली, तो तेरा खानदान मिट्टी में मिल जाएगा!”

सोनाजीच्या हातातली करवत खाली पडली. ज्या बाईला ‘पानी गरम है’ एवढं धड म्हणता येत नाही, तिच्या तोंडी असली दरबारी हिंदुस्थानी! ज्यांनी खेळ पाहिले होते त्यांनाही तो खेळातला डायलॉग वाटला नाही. भीती वाटली की माणूस आठवत बसत नाही. आणि वसरामने तर खेळ पाहिलेच नव्हते. तो पांढराफटक पडला. “आई, माफी,” एवढं म्हणून त्याने जमिनीला डोकं टेकलं.

“म्या न्हाई हात लावनार बापा,” सोनाजी म्हणाला आणि करवत तिथेच टाकून गेला.

ते गेल्यावर चतुराबाई दार लावून एकटीच हसत बसली. मग दगडाकडे बघून तिने हात जोडले. कशाला जोडले, ते तिचं तिलाही कळलं नाही. सवय, दुसरं काय.

दोन-चार दिवस बरे गेले. मग शेजारच्या गल्लीतली शालूबाई आली. तिच्या पोराचा ताप उतरत नव्हता. ती अंगारा घेऊन गेली आणि ताप उतरला. ताप उतरायचा असला की उतरतोच. पण शालूबाईने ही गोष्ट विहिरीवर सांगितली, आणि विहिरीवर सांगितलेली गोष्ट कधी एका गल्लीत राहिलेली नाही. पुढच्या मंगळवारी खणानारळाची ताटं घेऊन बायका दारात उभ्या. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण आठ-पंधरा दिवसांत सगळी हिंगोली ‘पडद्याआई’ म्हणायला लागली.

चतुराबाईला आधी बरंच वाटलं. रिकाम्या थेटरात पुन्हा बांगड्या वाजायला लागल्या, आणि जिथे बायका डोकं टेकतात ते छप्पर उतरवायची आता कुणाची टाप नव्हती. पण देव एकदा आत आला की तो आपली सोय बघतो. बसायला जागा पुरेना म्हणून पुढच्या खुर्च्या उचलून बाहेर उन्हात ठेवल्या गेल्या. धुपाने छताचं आभाळ काळवंडलं. चांद आधी दिसेनासा झाला, मग पोपट. ती म्हणायची, “बायांनो, धूप जरा कमी घाला.” बायका म्हणायच्या, “आईला आवडतो.” पुरुषांनी आईला बघू नये असं ठरलं, म्हणून पडदा कायमचा ओढलेला, सारला की बायका ओरडायच्या. कड्या गंजल्या. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, तशातली गत. पण तिने मनाची समजूत घातली की किसन येईपर्यंतच आहे हे. तो आला की धोंडा पुन्हा कयाधूत.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. ते दिवस कसे गेले ते ज्याने त्याने आपापल्या घरी दारं लावून भोगलं. कित्येक बायका तेव्हा लेकरं घेऊन थेटरात येऊन राहिल्या, आईच्या आसऱ्याला. चतुराबाईने सगळ्यांना आत घेतलं. दगड काही करणार नाही हे तिला एकटीलाच ठाऊक होतं, त्यामुळे ती एकटीच दाराशी विळा घेऊन बसायची.

दिवाळी झाली आणि किसनसिंग आला. छकडा, छकड्यात गोधड्यांचा गठ्ठा, आणि तोंडावर हसू मावत नव्हतं. आत शिरला आणि जागीच थांबला. खुर्च्या नाहीत. आभाळ नाही. धुपाच्या धुरात बायका ओव्या म्हणतायत.

“मावशी, हे काय करून ठेवलं?”

तिने त्याला खोलीत नेऊन सगळं सांगितलं. तिच्या हिंदुस्थानीवर तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मग हसणं थांबलं. “बरं, झालं ते झालं. थेटर तर वाचलं. छत धुऊन काढू, खुर्च्या आनू. आता तेवढं काढून टाक.”

“एवढ्या मंगळवारी टाकते,” ती म्हणाली. लपूनछपून टाकावं असं तिच्या मनात आलं नाही. जे ढोंग चारचौघांत केलं ते चारचौघांतच मोडायला हवं, नाही तर दगड हरवला म्हणून दुसरा येईल.

मंगळवारी जनाना गच्च भरला. पडद्याच्या दुसऱ्या बाजूला किसनसिंग कान देऊन उभा. चतुराबाई उभी राहिली. “बायांनो, आइका. ह्यो धोंडा म्या आनला. कयाधूवरून. याच्यावर म्या लुगडी धुतली. थेटर मोडून राहिले होते म्हनून म्या खोटी घुमले. हितं आईबिई कोनी न्हाई.”

मग शालूबाई हळूच म्हणाली, “तुमच्या हातानं यायचं होतं तिला. देव आपल्या पायानं येतो काय कधी?”

“अगं, म्या खोटं बोलले!”

“खोटं असतं तर तसली हिंदी कुठून आली तुमाला?”

“खेळातून! हितंच बसून आइकली!”

बायका हसल्या. रागाने नव्हे, मायेने हसल्या, आणि त्यानेच ती खचली. “आई परीक्षा घेऊन राहिली,” एक म्हातारी म्हणाली, आणि सगळ्यांनी कपाळं जमिनीला लावली.

पडद्यापलीकडून किसनसिंगचा दबका आवाज आला, “खरं बोललीस, न्हाई पटलं. आता खोटं बोल.”

तिने केस सोडले. डोळे मिटून घुमायला लागली. आई नदीवर जायचं म्हणते, एवढंच म्हणायचं होतं. पण कमरेत जोर येईना, तेवढंसुद्धा म्हणवेना. आखाडात पोटात राग होता. आता नुसती लाज होती. तेवढ्यात मागून एक किंकाळी उठली. अनुसयाबाई. आडत्याची ती कधी तोंड न उघडणारी सून केस पिंजारून उभी राहिली होती.

“म्या कुठं जात न्हाई!” तिचा आवाज छताला लागला. “म्या हितंच राहनार! माह्या लेकी हितं येऊन बसतेत. दुसरीकडं त्यांला बसू देता काय तुमी?”

चतुराबाई तिच्या डोळ्यांत बघत राहिली. हे खरं की खोटं, तिला ओळखता येईना. आणि खोटंच असेल तर ते तिच्या खोट्यापेक्षा फार चांगलं होतं. पहिल्या रांगेत बसलेली अनुसयाबाईची सासू पदर पसरून सुनेच्या पायाशी लोळत होती.

दुसऱ्या दिवशी अनुसयाबाई हळदीची वाटी ठेवायला एकटीच आली, तेव्हा चतुराबाईने तिला गाठलं. “मला तरी खरं सांग गं. तुह्या अंगात येते?”

अनुसयाबाई बराच वेळ वाटी पुसत राहिली. “खेळ लय चांगले होते मावशी,” ती म्हणाली. “पन वर्षातून एकदा. अन् सुटला की घरी जावं लागायचं. आता मंगळवार उजाडला की सासूच म्हनते, ऊठ, आईकडं जायचं न्हाई का.” मग तिने चतुराबाईच्या पायांना हात लावला आणि निघून गेली.

किसनसिंगने वसरामला विचारून पाहिलं, मामलेदाराकडे जाऊन आला. कुणीही देवाला उठवायला तयार नव्हतं. शेवटी त्याने छकडा जुंपला. “बाळापूरच्या बाजारात तंबू ठोकतो,” तो म्हणाला. “चल माह्यासंग. तंबूत बी बाया येतीलच. पडदा वढायला कोनी तरी लागंल.”

तिच्या पोटात एकदम उजेड पडल्यासारखं झालं. मागचा सगळा कडवटपणा गेला. ती धावत खोलीत गेली आणि दोन लुगडी, तांब्या, फणी असं गाठोडं बांधलं. देव राहू दे थेटरात! तिला देव नको होता, तिला खेळ हवा होता, दिवे गेल्यावर बायकांचा जो एकदम हूं असा आवाज यायचा तो हवा होता. गाठोडं काखेला मारून ती जनान्यातून बाहेर पडणार, तर दगडासमोर एक पोरगी बसलेली. सतरा-अठराची असेल, गावातली वाटत नव्हती. पायांना पांढरी धूळ, अंगावर तांड्यावरचा घागरा. मांडीवर लेकरू.

“सेनगावाकडून आले,” ती म्हणाली. “तुमीच पडद्याआईच्या बाई ना? बघा ना याला.”

चतुराबाईने हात लावला. लेकरू तव्यासारखं तापलं होतं. श्वासागणिक छातीची फासळी आत जात होती. तिने असं एक लेकरू आधी पाहिलं होतं, शेजारणीचं, आणि ते वाचलं नव्हतं.

“बाई, उठ. सरकारी दवाखान्यात ने. हितून जवळच हाय.”

“नेते ना. आधी आई काय म्हनते ते सांगा.”

“आई काय बी म्हनत न्हाई! आई न्हाईच हितं. आत्ता ने त्याला!”

पोरगी हलली नाही. डोळ्यांत पाणी, पण बूड जमिनीला चिकटलेलं. “सासूनं सांगून पाठवलं हाय. आईनं सांगितल्याबिगर सुई टोचायची न्हाई. नुसती दवाखान्यात गेले तर घरात घेनार न्हाईत मला.”

बाहेर बैलांनी मान हलवली, घुंगरं वाजली. “मावशी, चल ना!” किसनसिंगची हाक आली.

चतुराबाई उभी होती. संताप संताप आला तिला: त्या सासूचा, त्या धोंड्याचा, स्वतःच्या हुशारीचा. लेकराने एक बारीक आवाज काढला. तिने गाठोडं खाली ठेवलं, दगडासमोर मांडी घातली, शेंदराचं बोट लेकराच्या कपाळाला लावलं. या वेळी तिने केस सोडले नाहीत की हिंदुस्थानी बोलली नाही. साध्या गोरेगावच्या बोलीत, हळू, पण पोरीच्या डोळ्यांत बघून ती म्हणाली:

“आई सांगून राहिली. लेकराला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. डाक्तरचा हात माहाच हात हाय म्हनते. सुई टोचू दे. सासूला सांग, पडद्याआईनं सांगितलं.”

पोरगी ताडकन उठली आणि लेकरू छातीशी धरून पळत सुटली.

दारात किसनसिंग उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. आत येऊन त्याने तिचं गाठोडं उचललं आणि नेऊन तिच्या खोलीत ठेवलं. मग छकडा बाळापूरच्या रस्त्याला लागला.